दोराची गाठ आणि आलेख

तापलेल्या प्रिंटरचा वास आला की भोरमधला कॉम्प्युटर क्लास आठवतो. आसपासच्या वाड्यांना पाण्याचा टँकर मिळावा या अर्जासाठी मी विहिरींच्या पाण्याचा आलेख एक्सेलमध्ये केला होता. तो अर्जात टाकताना क्लासमध्ये शिकवणाऱ्या आपा म्हणाल्या, “नुसतं चित्र नको, मागचा तक्ताही आतच राहू दे.” अर्ज छापायच्या दिवशी भाटघर धरणाच्या वरच्या वाडीतल्या एक काकू एसटीनं आल्या. त्यांनी पोहऱ्याच्या दोराला गाठ मारून विहिरीचं पाणी मोजून आणलं होतं. “आमची हीर ऱ्हायली की! ही गाठ बगा, येवढंच पानी.” मूळ एक्सेल फाइलची माझी फ्लॉपी पुण्यातच राहिली होती. आपांनी अर्जातल्या आलेखावरच दोनदा क्लिक केलं, तक्ता उघडला. दोर पट्टीनं मोजून आकडा भरला आणि सगळ्यांत बुटका खांब उभा राहिला. वाडीला टँकर मिळाला. आजही आलेख टाकताना मी आपांचं ऐकते, तक्ता आतच ठेवते. न जाणो, कुणी दोर घेऊन येईल.