कात्रण घेऊन या

साप्ताहिकाच्या कचेरीत दोन वर्षं काढली की किस्से टाइपाच्या खणातल्या धुळीसारखे आपोआप साठतात. सगळे झाडायला घेतले तर शिंका येतील, म्हणून थोडेच सांगते.

बडोद्याला जाहिरातकला शिकून मी परभणीला परतले तेव्हा डोक्यात एकच होतं: चार खरे, चांगले शब्द लिहा, माणूस जागचा उठेल. मराठवाड्याला जागचं उठवायची तर मला फारच घाई झाली होती. प्रत्यक्षात मिळाली एक खोली, पायानं चालवायचं छपाई मशीन, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे रहीमचाचा आणि संपादक अण्णा. जाहिराती होत्या, पण सगळ्या एकाच साच्याच्या. वर पुढाऱ्याचा फोटो, खाली 'शुभेच्छुक' आणि त्याखाली वीस-पंचवीस नावं.

यानं गिऱ्हाईक येतं का, असं मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक यावं म्हणून न्हाई देत कुणी जाहिरात. आपलं नाव छापून यावं म्हणून देतेत."

नावाचंच वडिलांनीही बजावलं होतं. नोकरी कर, पण नामांतराच्या भानगडीत आपलं देशमुखांचं नाव कुठं दिसता कामा नये. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून गावंच्या गावं दोन बाजूंना बसली होती. वडील दर शनिवारी आमच्या गावी, बोरीला, ओट्यावर बसून आमचा अंक मोठ्यानं वाचत, ऐकायला आठ-दहा माणसं असत. मी त्यांना शब्द दिला. तेव्हा ते सोपं वाटलं.

*

मी शेवटच्या पानावर 'काय, कुठे मिळेल?' असं सदर काढलं. बियाणं, शिलाई, मोटारदुरुस्ती, ज्याला जे हवं ते त्यानं त्या मथळ्याखाली शोधावं. प्रत्येक जाहिरातीभोवती तुटक रेघ. ती कापून दुकानात द्यायची, सूट घ्यायची, आणि जितकी कात्रणं येतील तितक्यांचेच पैसे दुकानदारानं आम्हाला द्यायचे. अण्णांना वाटलं, पोरगी कचेरीला कुलूप लावूनच थांबणार.

पहिल्या महिन्यात पालमहून एकही कात्रण आलं नाही. मला चैन पडेना. एसटी पकडून गेले. स्टँडसमोरच्या हॉटेलात आमचा एकच अंक येई आणि सगळी बाजारपेठ तोच वाची. मालकानं भिंतीवर पाटी लावली होती: 'पेपरला कात्री लावणाऱ्यास चहा मिळणार नाही.'

मी त्याला योजना समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमी भोकं पाडायला सांगायलात. मागच्या बाजूची बातमी मग कुठं वाचावी आमी?"

*

मागच्या बाजूचा विचार मी खरंच केला नव्हता. म्हणून मागच्या बाजूलाही जाहिराती टाकल्या.

राणीसावरगावचा एक शेतकरी कात्रण घेऊन बियाण्याच्या दुकानात आला. मागोमाग त्याची बायको. त्याच तुकड्याच्या पाठीवर बांगड्यांची जाहिरात होती, आणि तिला ते कात्रण बांगड्यांच्या दुकानात न्यायचं होतं. दोघांनी काउंटरवरच ओढाओढ केली. "पेरणीला अजून महिना हाय. माझ्या भावाचं लगीन परवा हाय," असं ती म्हणाली, आणि कात्रण मधोमध फाटलं. दोन्ही दुकानदार भले. दोघांनीही सूट दिली आणि आपापला अर्धा तुकडा आमच्याकडे पाठवला.

अण्णांनी दोन्ही तुकडे माझ्यासमोर ठेवले. "अर्ध्या गिऱ्हाईकाचं बिल कसं करावं, हे बडोद्याला शिकवलं का, ताई?"

*

मग माझी सगळ्यात हुशार जाहिरात आली. भांड्यांच्या दुकानासाठी. दुकानाचं नाव नाही, वस्तूचं नाव नाही. काळ्या चौकटीत फक्त दोन ओळी: 'सोमवारी परभणीत काय होणार? तयार राहा!'

दिवस नामांतराच्या दंगलींचे होते, हे मी विसरलेच होते. रविवारी लोकांनी पीठ-मीठ भरून ठेवलं. काहींनी लेकरं आजोळी धाडली. सोमवारी सकाळी बाजाराची शटरं खाली, आणि आमच्या दारात पोलिसांची जीप.

फौजदारसाहेबांनी विचारलं, काय होणार आहे? मी सांगितलं, प्रेशर कुकरवर सूट.

ते खात्री करायला आम्हाला घेऊन भांड्यांच्या दुकानापाशी गेले. दुकानाला कुलूप होतं. मालक बायको-पोरांसह जिंतूरला, सासुरवाडीला गेला होता. पुढं त्याला विचारलं तर म्हणाला, "सगळेच बंद करायलेत म्हणल्यावर आपली जोखीम कोण घेतो?"

अण्णा हा किस्सा अजून सांगतात आणि लोक हसतात. मीही हसते, पण जीपचा आवाज आला की आजही आधी खिडकीतून बघते.

*

त्याच सुमारास जाहिरात द्यायला वाघमारे सर आले. टायपिंगला मिनिटाला शहाण्णव शब्दांचा वेग असलेला माणूस. स्टेशनमागं त्यांनी टायपिंगचा क्लास काढला होता, मशिनी नांदेडहून भाड्यानं आणलेल्या. महिनाअखेरीस पाच विद्यार्थी नसतील तर मालक मशिनी उचलून नेणार होता. चार होते, चौघेही त्यांच्याच वस्तीतले.

'वाघमारे टायपिंग क्लास' ही जाहिरात दोन अंकांत छापली. एकही कात्रण आलं नाही. मी मथळा बदलला, अक्षर मोठं केलं. तरी नाही.

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "ताई, शब्द चांगले हायत. नाव काढा."

मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की मी काढलं. सरांना विचारलं तेव्हा ते फक्त "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणाले. पुढच्या अंकात क्लासचं नाव 'प्रगती' झालं, आणि अकरा जण कात्रण घेऊन स्टेशनमागं गेले. इतका प्रतिसाद आमच्या पानाला कधीच आला नव्हता. मी कचेरीत पेढे वाटले.

शुक्रवारी संध्याकाळी सर आले. पाकिटातून अकरा कात्रणं काढून त्यांनी नीट एकावर एक ठेवली. प्रत्येकानं दारातच विचारलं होतं, सर, आडनाव काय तुमचं? सरांनी सांगितलं. प्रत्येक जण 'उद्या येतो' म्हणून गेला.

"तुमची जाहिरात उत्तम होती, ताई. पैसे अकरांचेच लावा. कात्रणं तर आली." विद्यार्थी अजून चारच होते, मशिनी सोमवारी जाणार होत्या.

मी घरी आले. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा यायच्या आधी, मी कचेरीत गेले. अंक अजून मशीनवर चढायचा होता. रहीमचाचांना म्हटलं, 'प्रगती' काढा आणि 'वाघमारे' घाला, आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत. त्यांनी घातलं. मग त्याखाली छापायला माझं नाव लिहून दिलं.

चाचांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "पूरा नाम? बाप का भी?"

"पूर्ण. गावासकट."

"बेटी, ये पर्चा बोरी को भी जाता."

"माहीत आहे, चाचा. दुपारच्या गाडीनं."

ते एकेक खिळा उचलू लागले. देशमुख झालं, बोरी झालं. मग सवयीनं त्यांचा हात वरच्या ओळीकडे गेला. अशा नावांवर गेली वीस वर्षं ते एकच शब्द बसवत आले होते.

"ऊपर 'शुभेच्छुक' लगाऊं?"

"नाही," मी म्हटलं. "'विद्यार्थी' लावा."