खालचा दोरा

आज जाऊबाईंच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून सकाळी मी त्याचं झबलं शिवायला बसले. मशीन छान चाललं होतं. शेवटची शिवण संपवून कापड उचललं, तर बाही एका हातात आणि झबलं दुसऱ्या हातात!

जाऊबाई हसल्या. "अगं, खालच्या बॉबिनमधला दोरा कधीच संपलाय. वाऱ्यानं शिवत होतीस काय?"

नवा दोरा भरून मी चाक हाताने हळूहळू फिरवून पाहिलं. हाताच्या सुईला दोरा ओवायचं नेढं बुडाशी असतं, मशीनच्या सुईला मात्र टोकाजवळ. ती वरचा दोरा खाली नेते, तिथला आकडा तो पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवतो आणि टाका पडतो. नेढं असं टोकाला आणायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? तो माणूस घरभर नाचला असेल. मी असते तर कुणाला सांगितलंही नसतं, एकटीच हसत बसले असते.

संध्याकाळी सगळ्या बायका झबल्याच्या लेसचं कौतुक करत होत्या. मी दाराशी उभी राहून बाहीकडे बघत होते. तेवढ्यात बाळाने ती मुठीत धरून जोरात ओढली. शिवण जागची हलली नाही.

जाऊबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "वारा पक्का निघाला गं तुझा!"