कांदिवलीपर्यंत न थांबता

गाडी तापते हे मला मान्य होतं. गाडी विकावी हे मान्य नव्हतं. ऐंशीच्या दशकातले चार महिने आमच्या घरात या एवढ्यावरच बोलणं चाले.

गाडी दोन माणसांची आणि घरात आम्ही पाच. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण ऑफिसातले माझे वरिष्ठ कायमचे मुलाकडे परदेशी निघाले, आणि जाताना आपली वीस वर्षांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार "तूच सांभाळशील" म्हणून मला देऊन गेले. त्यांनी असं का म्हटलं ते देव जाणे. मला तोवर घरातलं घड्याळही सांभाळता आलेलं नव्हतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तेव्हा तीन स्कूटर आणि एक टेम्पो होता. त्यांच्या शेजारी ती लाल गाडी उभी राहिली, की लग्नातली करवली चुकून मयताला आल्यासारखी दिसे.

तिचा आजार लहरी होता. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पवईच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, की काटा सरळ लाल रेघेवर. मी कडेला घेऊन बॉनेट उघडत असे. तोवर सगळं आलबेल. पाणी भरलेलं, पंख्याचा पट्टा घट्ट, गळती नाही. दहा मिनिटांनी ती पुन्हा भल्या घरच्या मुलीसारखी चालू लागे. भांडुपच्या मेस्त्रींनी रेडिएटर दोनदा काढून साफ केला, झाकण बदललं, आणि शेवटी हात पुसत मला म्हणाले, "साहेबांनू, गाडीक काय्येक झालेला नाय. तुमचो पाय जड आसा."

मग घाटकोपरचा एक हॉटेलवाला आला. त्याला गाडी चालवायची नव्हतीच. हॉटेलच्या दाराशी उभी करून तिच्यात कुंड्या ठेवायच्या होत्या. बायकोला कल्पना पसंत पडली. मी नाही म्हणालो, तेव्हा तिने अट घातली.

"येत्या रविवारी मला ताईकडे कांदिवलीला न्या आणि परत आणा. सिग्नल सोडून वाटेत कुठेही थांबली, तर सोमवारी मी त्याला हो म्हणणार."

"आणि नाही थांबली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तोवर ठेवा. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

दुसऱ्या वचनावर माझा विश्वास नव्हता, पण पहिल्यावर पूर्ण होता. मी कामाला लागलो. गाडी कुठे तापली, वेग किती, गर्दी किती, ऊन किती, सगळं महिनाभर मी एका वहीत लिहीतच होतो. ती वही बुधवारी बायकोला वाचून दाखवली. ती गवार मोडत होती.

"म्हणजे गर्दीत तापतच नाही?" ती म्हणाली.

"नाही ना. साकीनाक्याला अर्धा तास अडकलो तरी काटा हलत नाही. मोकळ्यावर पळवली की तापते."

"मग उभी करून बॉनेट कसलं उघडता? पळताना काय होतं ते पळतानाच बघायला नको का?"

हे मला सुचायला हवं होतं, हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. शनिवारी दुपारी मी तिला खाली नेलं. आधी तिला ॲक्सिलरेटरवर बसवलं, पण ती पाय असा ठेवी, जणू खाली झोपलेलं मूल आहे. म्हणून मी बसलो आणि ती उघड्या बॉनेटपाशी, पदर खोचून, पंख्यापासून लांब उभी राहिली.

"बघायचं काय?"

"जे हलायला नको ते हलतंय का बघ."

मी जोर दिला. इंजिन ओरडायला लागलं. वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली.

"अहो, ही खालची नळी पोट आत ओढतेय."

"नळ्या पोट ओढत नाहीत."

"मग तुम्ही या आणि सांगा तिला."

हाताने जोर देता येतो हे मला तेव्हा आठवलं. मी पुढे येऊन इंजिनाजवळची ॲक्सिलरेटरची तार ओढली. रेडिएटरच्या तळातून निघणारी रबरी नळी चरकातून निघालेल्या उसासारखी चपटी झाली. तार सोडली, नळी पुन्हा गोल. इंजिन पळू लागलं, की पंप त्या नळीतून पाणी जोरात ओढी, मऊ नळी मिटे आणि पाणी अडे. मी थांबून बॉनेट उघडेपर्यंत ती साळसूदपणे फुगलेली असे.

मग मला आठवलं. मागच्या वर्षी जुनी नळी मीच बदलली होती. तिच्या आत एक गंजलेली स्प्रिंग निघाली होती. कुणा अडाणी मेस्त्रीने कोंबली असणार, असं म्हणून मी ती चारचौघांत हसत फेकून दिली होती. नळी मिटू नये म्हणूनच ती आत असते, हे आता ती नळीच मला समजावून सांगत होती.

शनिवारी संध्याकाळी तशी स्प्रिंग कुठे मिळणार? मी कपडे वाळत घालायची जाड तार तोडली आणि लाटणं मागितलं. लाटणं स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही, असं उत्तर आलं. म्हणून ओट्याखाली मांडी ठोकून, पक्कड घेऊन मी लाटण्यावर वेढे घातले. तीनदा सुटले. चौथ्यांदा नळीत घट्ट बसेल असं वेटोळं जमलं. पुढे आठवडाभर आमच्या पोळ्यांवर नांगरट दिसत होती.

रविवारी निघालो. पवई गेली. जोगेश्वरीच्या पुढे हायवे रिकामा होता. मी पाय दाबला. काटा मध्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होतो. गोरेगावला बायको म्हणाली, "जरा थांबवा. ताईकडे पेढे न्यायचेत."

"नाही थांबणार."

"अहो, मी सांगतेय."

"सिग्नल सोडून कुठेही नाही. तुझीच अट."

"ती गाडीला होती. तुम्हाला नव्हती."

"गाडी मीच चालवतोय."

पेढ्यांचं दुकान मागे गेलं. कांदिवलीपर्यंत ती मान वळवून मागेच बघत राहिली. ताईंनी दार उघडून विचारलं, "आलात ना नीट?"

"गाडी नीट आली," बायको म्हणाली. "आम्ही हात हलवत आलो."

पेढे आणायला मी पाऊण मैल उन्हात चालत गेलो. गाडी खालीच उभी होती, पण परतीची वाट अजून बाकी होती. उगाच कशाला धोका पत्करा.