किनारा सावकाश खचला

खामगावच्या महाविद्यालयात मी शिकायला आलो, तेव्हा भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला प्रा. भास्करराव गावंडे सरांनी टेबलावर काळ्या दगडाचे दोन तुकडे ठेवले. एक बुलढाण्याच्या घाटातला, दुसरा कोकणच्या किनाऱ्यावरचा. "एकाच लाव्ह्यातले हे दोघं भाऊ," सर म्हणाले. "आपल्याकडं याचे थर आडवे, तिकडं समुद्राकडं कललेले. काऊन?" त्या प्रश्नाने मला असे धरले की पुढे मी त्यांच्याच हाताखाली अध्यापक झालो.

सरांचे उत्तर तेव्हा ठाम होते: खंड दुभंगले आणि पश्चिमेचा किनारा एका झटक्यात मोडून खाली गेला. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना सपाट थरांची सवय. कललेला थर दिसला की तो मोडलाच, असे आम्हांला वाटते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या कोकणात घालवून सरांनी यावरच प्रबंध लिहिला. तो मान्य झाला असता तर विभागप्रमुखपद त्यांचेच होते.

प्रबंध विद्यापीठात जाणार, त्याच सुमारास समुद्रात तेलासाठी विंधन करणाऱ्या एका स्नेह्यांनी सरांना तळाचे नमुने दाखवले. खाली आपलाच काळा दगड, आणि त्यावर उथळ पाण्यातल्या गाळाचे थरावर थर. तळ एकदम खोल गेला असता तर असा गाळ एवढा साचलाच नसता. दुभंगल्यानंतर तापलेला खडक थंड होत गेला, आकसून जड झाला आणि गाळाचे ओझे घेत सावकाश खचला, हे सरांनी ओळखले. त्यांनी प्रबंध मागे घेतला.

मला फार वाईट वाटले. मी म्हणालो, "राहू द्या ना सर. कोनाले समजते इथं?"

"मले समजलं ना बे," एवढेच ते बोलले.

विभागप्रमुख दुसरेच झाले. सर मात्र जुन्या विद्यार्थ्यांची घरे शोधत निघाले. चिखलीला गुरांच्या सरकी-ढेपेचे दुकान चालवणाऱ्या रहीमकडे आम्ही एसटीने गेलो. सरांनी उभ्याउभ्याच त्याला सारे नव्याने समजावले. रहीम गडबडला. "सर, मी तं ढेप विकून राह्यलो. मले त्याचं काय काम?"

"तुले काम नसंन. पन चुकीचं मीच सांगतलं होतं," सर म्हणाले.

रहीमने त्यांना हाताला धरून आपल्या गादीवर बसवले.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. नावाआधी 'डॉक्टर' लागले नाही. नवा प्रबंध अर्धाच आहे. हळहळ त्यांना एवढीच, की काही विद्यार्थी भेटायचे राहिले. सरांना उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय लाभोत. आणि ज्यांच्या दारी ते अजून पोचले नाहीत, त्यांनी हा लेख वाचला असला तरी तसे बोलून दाखवू नये. सरांना ते स्वतः सांगू द्यावे.