गिरणीच्या राखेची भिंत

लालबागच्या आमच्या खोलीची मोरीकडची भिंत बारा महिने ओली. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढायची आणि आईचा दमा उसळायचा. महिना महिना ती उशीला टेकून, बसूनच झोपायची.

संप सुरू झाला तेव्हा आमच्या समितीने ठरवलं, गिरणीच्या गेटातून काडीही बाहेर जाऊ द्यायची नाही. मालक माल गुपचूप हलवणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पत्रक मीच लिहिलं.

बाबा त्याच गिरणीत बॉयलरखात्यात होते. बॉयलरची राख आवारात ढिगाने पडलेली. तीच चुन्यात कालवून त्यांच्या खात्याच्या भिंतींना गिलावा केला होता. हवेतली ओल तो पिऊन घ्यायचा, ऊन पडलं की सोडायचा.

"चार पोती आणतंय," बाबा म्हणाले.

"बंदी आहे, बाबा."

"राखेक कोण माल म्हणता गो? तुझ्या आवशीन श्वास घेवचो की नाय?"

पुढच्या पत्रकात मी एक ओळ घातली: टाकाऊ वस्तूंना ही बंदी लागू नाही. समितीत घरचं काही बोलले नाही. चाळींतल्या ओल्या भिंतींवर भाषण ठोकलं. एक जण म्हणाला, "काय ताई, घरी रंगकाम काढलंय वाटतं?" सगळे हसले. मीही हसले. ओळ मंजूर झाली.

बाबांनी राख आणून मोरीकडच्या भिंतीला गिलावा केला. पहिला थर गळून पडला, दुसरा टिकला. त्या पावसाळ्यात आई आडवी झोपली.

मग एका दुपारी गेटातून ट्रक निघाला. ताडपत्रीखाली चालू साचे, कापड विणायचे माग. आम्ही आडवे गेलो, तर मालकाच्या माणसाने माझंच पत्रक पुढे धरलं. "भंगार आहे, ताई. टाकाऊ. तुम्हीच सूट दिलीय." पोलीस होतेच. तो ट्रक गेला, मागून आणखी गेले.

धडधाकट साच्यांना भंगार म्हणणारे चोरच, हे मी प्रत्येक सभेत सांगते. पण ती ओळ माझी. आईसाठी चार पोती राख हवी, असं सरळ मागितलं असतं तर समितीत कुणी नाही म्हटलं नसतं. घरासाठी हात पसरायची लाज वाटली, म्हणून मी सगळ्यांसाठी नियम बदलला.

भिंत अजून कोरडी आहे. आई शेजारणींना तिच्यावरून हात फिरवायला लावते आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "आमच्या चेडवान गेटावरून राख सोडवून आणली." मी तेव्हा गॅलरीत जाऊन उभी राहते. बाबांचे गिरणीतले साथीदार खाली बेकार बसलेले असतात.