विरजणाची माती

पडलेलं पान कुणी उचललं की आबा भांडायला उठत. कार्ल्याजवळच्या आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या अंगणात एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्याच्याखाली कुणी झाडू घेऊन आलं, की हा वस्तीतला एरवी मवाळ म्हातारा ओरडे, "ए, तितं हात लावू नको!" गावातले लोक त्यांना 'कचराआबा' म्हणत. आमच्यासारख्यांना असली नावं फुकटच मिळतात, म्हणून मी चिडे. ते मात्र हसत.

उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, राब करायचा, म्हणून सगळे रानातून पालापाचोळा आणत. आबाही आणत; पण जांभळाखालचा नाही. एकदा माझ्या आईनं तिथून पाटी भरली, तर आबांनी ती परत ओतली.

"आबा, झाडाला काय थंडी वाजती व्हय?" आई म्हणाली.

"झाडाला न्हाई गं. त्याच्या पोरांना."

पोरं म्हणजे झाडाखाली उगवलेली वीतभर रोपं. आबा पाला सारून मला खालची काळी, भुसभुशीत माती दाखवत. तिच्यात पांढऱ्या तंतूंचं जाळं असे. कुठंही रोप लावताना ते त्यातली ओंजळभर खड्ड्यात टाकत. "दुधाला विरजण लावतो का न्हाई? तसंच मातीचं. म्हाताऱ्या झाडानं लावलंय ते, जन्मभर." जांभूळ आतून पोकळ झालं होतं. त्याच्या जागी त्याचंच एखादं रोप वाढावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग आबा आजारी पडून तळेगावच्या दवाखान्यात राहिले. ते घरी येणार म्हणून वस्तीतल्या पोरांनी प्रेमानं अंगण सजवलं. पाला जाळला, मुरूम दाबला, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, खोडाला गेरू-चुना फासला.

माझा भाऊ त्यांना रिक्षातून उतरवत म्हणाला, "बघा आबा, कसं चकाचक केलंय! आता कोण कचराआबा म्हणतंय बघू."

आबा बघत राहिले. "लय मेहनत घेतली रं." मग हळूच, "पर रोपं कुटं हायत?"

आबा त्या थंडीत गेले.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. वृक्षतोडीविरुद्ध स्वतःही लिहिली. पण इथं कुऱ्हाड कुणी उचललीच नव्हती. मोर्चा कुणावर काढायचा? झाड तर उभं होतं. पायाखालची जमीन मेली, तिची दाद मागणारं पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

यंदा जांभूळ वाऱ्यानं कोसळलं. भावानं वलवणच्या रोपवाटिकेतून नवं रोप आणलं. पहारीनं ब्लॉक उखडले, तर खाली मुरूम दगडासारखा. रोप अजून काळ्या पिशवीतच, विहाराच्या पायरीवर आहे. भाऊ रोज सकाळी त्याला पाणी घालतो. पिशवीतून गळलेलं पाणी ब्लॉकवरून सरळ गटारात जातं.