धाकटीचा पाय

कारखान्यात तिला सगळे दोरेबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा बरंच वाटे. पळायच्या बुटाला तळ सोडून वर जे पातळ, जाळीदार कापड असतं, त्याला तिथे अप्पर म्हणतात. ते कापड एकटं काही पाय धरून ठेवत नाही. म्हणून त्यात चिवट दोरे बसवायचे. तळापासून निघायचे, पायाच्या कडेने वर चढायचे आणि लेसच्या भोकांपाशी येऊन थांबायचे. लेस आवळली की दोरे ताणले जातात आणि वळणावर पाय बुटातून घसरत नाही. कुठला दोरा कुठून काढायचा आणि किती ताणायचा, हे दोरेबाई ठरवायची. जरा इकडेतिकडे झालं की बूट चावलाच. दुकानात लोक तळ अंगठ्याने दाबून बघतात, रंगावर भाळतात आणि या दोऱ्यांना नक्षी समजतात. याचा तिला मनापासून राग होता.

पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवला की कुठलाही बूट छानच दिसतो. साचा प्लास्टिकचा, त्याला काय दुखणार! म्हणून तिथे एक जिवंत पाय लागतो. नमुन्याचे बूट एकाच मापात शिवतात, आणि त्या मापाचा पाय असलेलं कुणीतरी ते घालून पळतं आणि सांगतं, इथे ढिला आहे, इथे टोचतोय. दोरेबाईच्या खात्यात हा पाय होता तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा.

धाकटी पूर्वी शर्यतीत पळायची. नुसती पळायची नाही, जिंकायची. एका शर्यतीत वळणावर घोटा मुरगळला, आतलं काहीतरी तुटलं, शस्त्रक्रिया झाली आणि पळणं संपलं. पुढे कितीतरी दिवस ती घरात नुसती पडून असायची. कुणी "आता कसं आहे?" विचारलं तर अंगावर धावून जायची. शेवटी थोरलीने साहेबांच्या मागे लागून लागून तिला इथे चिकटवली. माप बरोबर जुळलं. हळूहळू पळता येत होतं, तेवढं या कामाला पुरे होतं.

पहिल्या दिवशी ती नवे बूट घालून कारखान्याच्या आवारात पळाली, तेव्हा शिलाईवाल्या मावशी मशीन सोडून दाराशी आल्या. धाकटी घामाघूम होऊन परतली. "ताई, टाच एकदम मस्त. पण बाहेरच्या कडेचा दोरा ढिला लागतोय गं." किती दिवसांनी पोरगी आपणहून बोलली होती. थोरलीला भरून आलं. त्या दिवसापासून सगळे तिला 'पाय' म्हणायला लागले. "पाय आला का आज?" मावशी विचारायच्या. "डावा आला, उजवा मागून येतोय," धाकटी सांगायची, आणि सगळा विभाग हसायचा.

थोरलीने दोरा आवळला. पुढच्या नमुन्याला धाकटी म्हणाली, "अजून जरा. मला तो जाणवतच नाही." पुन्हा आवळला. बूट साच्यावर असा काही ताठ बसला की साहेबांनी हातात फिरवून फिरवून पाहिला. "बाई, तुमचे दोरे आत्ता कुठे बोलायला लागले!" इतक्या वर्षांत दोऱ्यांचं कौतुक कुणी पहिल्यांदाच केलं होतं.

मग एका नमुन्यात घाईघाईत टाचणी राहून गेली. धाकटी आवाराला फेऱ्या मारून हसत हसत आली, बूट काढला, आणि मोज्याची बाहेरची कड रक्ताने भिजलेली. तिला त्याचा पत्ताच नव्हता. थोरलीची नजर आधी गेली.

"अगं, हे काय?"

"काही नाही, खरचटलं असेल." धाकटीने मोजा चुरगाळून पिशवीत कोंबला. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं, ताई."

थोरलीला तेव्हा कुठे उमगलं. पायाची ती कड शस्त्रक्रियेनंतर बधिर झालेली होती. जिला टाचणी कळत नाही, तिला दोरा काय कळणार? दोरा तेव्हाच सैल करायला हवा होता आणि पाय दुसरा शोधायला हवा होता. पण मग धाकटीला पुन्हा घरात नेऊन बसवायचं? थोरलीने तोंडात मिठाची गुळणी धरली. बहिणीची माया होती, खोटं कशाला बोला. पण सगळं मायेच्या पदराखाली झाकायचंही कारण नाही. साहेबांची शाबासकीही तिला सोडवत नव्हती.

बूट बाजारात गेले आणि लोक ते परत आणून आपटायला लागले. कुणाच्या करंगळीला मुंग्या, कुणाच्या कडेला वळ. साहेबांनी दोघींना बोलावून घेतलं.

"बाई, हा दोरा इतका कुणी आवळायला सांगितला?"

"चाचणीत ढिला लागत होता, साहेब."

साहेबांनी धाकटीला बूट काढायला लावला. पेन्सिलचं टोक पायाच्या बाहेरच्या कडेला दाबलं. "लागतंय?"

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "नाही."

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं हे?"

हो म्हटलं असतं तर दोघी घरी. नाही म्हटलं तर एकटीच.

"नाही, साहेब," थोरली म्हणाली. "ठाऊक असतं तर असा बूट मी बाहेर जाऊ दिला असता का?"

वर तेही बोलली. नुसतं 'नाही' पुरलं असतं. धाकटीला तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं. तिने बूट पायात घातला, लेस बांधली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. खापर तिच्यावर फुटलं, थोरलीच्या केसालाही धक्का लागला नाही.

दुसरी मुलगी आली. पहिल्याच फेरीत "आई गं, केवढा टोचतोय!" म्हणून खाली बसली. दोरा सैल झाला, बूट धडाक्याने खपला, साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. थोरलीने त्यातलाच एक जोड धाकटीच्या मापाचा घरी आणला. धाकटी नको म्हणाली नाही. कपड्यांच्या घड्या बाजूला सारून पलंगावर बसली आणि पाय पुढे केला. थोरलीने खाली बसून बूट चढवला, लेस बांधली आणि हाताला लागलेल्या सवयीने बाहेरची कड अंगठ्याने दाबली.

"इथे कसं वाटतंय गं?"

"मला कशाला विचारतेस?" धाकटी म्हणाली. "तुला सगळं ठाऊक असतं, ताई. साहेबांसमोर तेवढं नसतं."

आणि तिने आपला पाय थोरलीच्या हातातून काढून घेतला.